बाळाचा बाप्तिस्मा आत्ता करावा की थांबावं?

प्रश्न : सलाम. मी सोलापुरात राहते, शाळेत शिकवते. माहेर इथलंच, जुन्या अमेरिकन मराठी मिशनच्या मंडळीतलं. सासर मूळचं पुण्याच्या पंचहौदचं, म्हणजे अँग्लिकन (इंग्लंडच्या चर्चच्या) वळणाचं. सासरे रेल्वेच्या नोकरीत इकडे बदलून आले आणि इथलेच झाले. आता आम्ही सगळे सी. एन. आय.च्या (चर्च ऑफ नॉर्थ इंडियाच्या) एकाच चर्चला जातो. मुलगी सात महिन्यांची आहे. सासूबाईंना तिचा बाप्तिस्मा नाताळच्या आत हवाय. माझा भाऊ दोन वर्षांपासून एका नव्या फेलोशिपमध्ये जातो. तो म्हणतो, तान्ह्या बाळाचा बाप्तिस्मा हा बाप्तिस्माच नव्हे, कपाळाला पाणी लावून काही होत नाही. मलाही तो पुन्हा, पाण्यात बुडून बाप्तिस्मा घे म्हणून मागे लागलाय. ज्या पाळकांनी मला लहानपणी बाप्तिस्मा दिला त्यांना पुढे वाईट कारणानं मंडळी सोडावी लागली, भाऊ त्यावरही बोट ठेवतो. खरं तर बाळाचा धर्मपिता, म्हणजे बाप्तिस्म्यात बाळाच्या वतीनं वचन देणारा, म्हणून मला तोच हवा होता. आणि आमच्या शेजारच्या अक्का, पद्मशाली समाजातल्या, ज्यांनी माझं बाळंतपण आईसारखं काढलं, त्यांना धर्ममाता करता येईल का? आम्ही दवाखान्यातून आलो त्या दिवशी नळाला पाणी नव्हतं. बाळाची घरातली पहिली अंघोळ अक्कांच्या पिंपातल्या पाण्यानं झाली. नवरा म्हणतो, तू ठरवशील ते. मला रात्र-रात्र झोप लागत नाही.

उत्तर :

प्रिय भगिनी, सलाम.

आधी तुमच्या झोपेचं बोलू, कारण त्याचं उत्तर सरळ आहे. तुमचा बाप्तिस्मा झालेला आहे. तो पुरा आहे, त्यात काही उणं नाही आणि तो पुन्हा घ्यायचा नाही. बाळाचा प्रश्न वेगळा. तिथे तुमच्यापुढे खरोखर दोन वाटा आहेत, त्याकडे येतेच.

माझी आई नर्स होती. मी नऊ-दहा वर्षांची असेन तेव्हाची गोष्ट. रात्रपाळीला तिच्या वॉर्डात सातव्या महिन्यात जन्मलेलं एक बाळ होतं, मूठभर, श्वास तुटत तुटत चाललेला. बाळाची आई आमच्याच मंडळीतली. पाळकसाहेब नेमके परगावी. माझ्या आईनं उकळून गार केलेलं पाणी स्टीलच्या वाटीत घेतलं, ज्या चमच्यानं अशा बाळांना दूध पाजत त्याच चमच्यानं त्याच्या कपाळावर तीनदा सोडलं आणि म्हणाली, 'मी तुला पित्याच्या, पुत्राच्या व पवित्र आत्म्याच्या नावाने बाप्तिस्मा देते.' एवढंच. मग वाटी धुऊन ठेवली आणि दुसऱ्या पेशंटकडे गेली.

ते बाळ जगलं. दोन-अडीच महिन्यांनी त्याला चर्चमध्ये आणलं. मी पुढच्या बाकावर बसून पाणी कधी घालतात याची वाट बघत होते. पाळकसाहेबांनी पाणी घातलंच नाही. त्यांनी सगळ्या मंडळीसमोर माझ्या आईला विचारलं : बाप्तिस्मा कोणी दिला? त्या वेळी तिथे कोण होतं? कशानं दिला? कोणते शब्द म्हटले? आईनं एकेक उत्तर दिलं. पाळकसाहेब म्हणाले, सगळं रीतीप्रमाणे झालंय. त्यांनी बाळाला हातात घेतलं, कपाळावर क्रूसाची खूण केली आणि मंडळीत स्वीकारलं. घरी येताना मी आईला म्हटलं, 'पाणी का नाही घातलं?' ती म्हणाली, 'घातलंय ना मी.'

पुढे मोठी झाल्यावर कळलं, ते प्रश्न पाळकसाहेबांच्या मनातले नव्हते. अँग्लिकन मंडळीच्या 1662 च्या प्रार्थनापुस्तकात ते जसेच्या तसे आहेत. घाईच्या वेळी घरी बाप्तिस्मा झालेलं बाळ जगलं तर त्याला चर्चमध्ये आणायचं, चौकशी करायची, आणि पाणी व त्रैक्याचं (पिता, पुत्र, पवित्र आत्मा) नाव या दोन गोष्टी झाल्या असतील तर पुन्हा काहीही करायचं नाही. उत्तरं इतकी अंधूक असतील की काहीच उलगडा होत नाही, तरच पाळकानं बाप्तिस्मा द्यायचा, आणि तोही 'तुझा बाप्तिस्मा आधी झाला नसेल तर' असे शब्द जोडून. बघा, किती जपलंय. दुसऱ्यांदा होऊ नये म्हणून वाक्यातच अट घातली. आणि त्या चौकशीत 'बाळाला समजत होतं का' असा प्रश्न नाही. 'देणारा किती पवित्र होता' असाही नाही.

तुमच्या त्या पाळकांचा मुद्दा इथेच निकालात निघतो. हा वाद सोळाशे-सतराशे वर्षं जुना आहे. रोमी सम्राटाच्या छळात, 303 नंतर, उत्तर आफ्रिकेतल्या काही धर्मगुरूंनी जिवाच्या भीतीनं पवित्र शास्त्राच्या प्रती शिपायांच्या हवाली केल्या. छळ संपल्यावर तिथल्या डोनेटस नावाच्या बिशपाच्या पक्षाचे लोक म्हणू लागले, असल्या लोकांच्या हातचा बाप्तिस्मा आम्ही मानत नाही, पुन्हा घ्या. तिथल्याच ऑगस्टीन या बिशपानं त्यांना जे उत्तर दिलं त्याचा मथितार्थ असा : पेत्रानं बाप्तिस्मा दिला तरी देणारा ख्रिस्तच, आणि प्रभूला दगा देणाऱ्या यहूदानं दिला तरी देणारा ख्रिस्तच. अँग्लिकन विश्वासाच्या 39 कलमांपैकी 26 वं कलम हेच सांगतं की सेवकाच्या नालायकीमुळे संस्काराचा गुण जात नाही. त्या पाळकांनी जे केलं असेल त्याचा जाब त्यांना द्यावा लागेल. तुमच्या कपाळावरचं पाणी त्यांचं नव्हतं.

आता भावाकडे वळते. त्याला मी मोडीत काढणार नाही, आणि तुम्हीही काढू नका. त्याला दिसतंय ते खरं आहे. आपल्याकडे कितीतरी घरांत बाप्तिस्मा म्हणजे हॉल, केक, फोटो आणि बिर्याणी एवढाच उरलाय. पोर त्यानंतर चर्चमध्ये येतं ते थेट स्वतःच्या लग्नाला. नारायण वामन टिळकांनी 1895 मध्ये बाप्तिस्मा घेतला तेव्हा त्यांचा संसार तुटला, पत्नी लक्ष्मीबाईंपासून पुढे काही वर्षं दूर राहावं लागलं. आपल्या पणजोबा-खापरपणजोबांच्या पिढीत त्या तांब्याभर पाण्यापायी गावच्या विहिरीचं पाणी बंद झालेलं आहे. भाऊ जेव्हा 'नुसतं शिंपडून काय होतं' म्हणतो, तेव्हा त्याला ती किंमत आठवत असते. त्याची कळकळ रास्त आहे. उपाय चुकतोय.

कुठे चुकतोय? त्याच्या मनात बाप्तिस्मा म्हणजे आपण देवाला दिलेली साक्ष. मी विश्वास ठेवला, म्हणून मी पाण्यात उतरलो. अँग्लिकन परंपरा ही साक्ष नाकारत नाही, पण ती सुरुवात तिथून करत नाही. 27 वं कलम म्हणतं की बाप्तिस्मा ही ख्रिस्ती माणूस ओळखायची नुसती खूण नव्हे. ती नव्या जन्माची खूण आहे आणि तिच्याद्वारे माणूस मंडळीत कलम केला जातो. झाडाचं कलम करतात, तो शब्द. माझ्या मामांची मोहोळकडे बोराची बाग होती. गावठी बोरीच्या खोडावर ते उमराण जातीच्या बोराचा डोळा भरायचे. करंगळीच्या नखाएवढा डोळा, साल चिरून आत बसवायचा, वर पट्टी बांधायची. डोळा स्वतः होऊन खोडाला चिकटत नाही. त्याला कळतही नाही आपल्याला कुठे बसवलंय. बसवतो माळी, आणि रस येतो खोडातून. पण मामा पट्टी बांधून घरी जात नसत. खालून गावठी फुटवे येतात, ते वरचेवर काढावे लागतात, नाहीतर सगळा रस तेच खातात आणि डोळा वाळतो. माझ्या मते बाळाच्या बाप्तिस्म्याबद्दलचं अँग्लिकन म्हणणं असंच आहे. कृपा आधी येते, समज मागून येते, आणि मधल्या काळात फुटवे काढायला कोणीतरी मोठं माणूस लागतं.

बायबलात तान्ह्या बाळाचा बाप्तिस्मा झाल्याचं स्वच्छ लिहिलंय का? नाही. लुदियाचा तिच्या घराण्यासकट झाला, फिलिप्पैच्या तुरुंगाधिकाऱ्याचा त्याच्या घरच्यांसकट झाला. त्या घरांत पाळणा होता की नव्हता हे कुणी सांगत नाही. भाऊ हे म्हणेल तेव्हा मान्य करा. पण इस्राएलात आठव्या दिवसाचं बाळही कराराच्या आत होतं, आणि बालकांना माझ्याजवळ येऊ द्या असं प्रभू म्हणाला. प्रार्थनापुस्तकानं बाळाच्या बाप्तिस्म्यासाठी नेमका हाच मार्काचा उतारा, दहावा अध्याय, नेमून दिला. मोठ्यांसाठी वेगळी उपासना आहे, तिच्यात येशू निकदेमाला नव्या जन्माचं सांगतो तो उतारा वाचतात. बाळ पाण्यानं आपोआप तरतं का, यावर खुद्द अँग्लिकन लोकांत कडाक्याचं भांडण झालेलं आहे. गोरहॅम नावाच्या पाळकाचं प्रकरण इंग्लंडच्या प्रिव्ही कौन्सिलपर्यंत गेलं आणि 1850 मध्ये त्याच्या बाजूनं निकाल लागला, म्हणजे 'आपोआप नाही' म्हणणाऱ्यालाही मंडळीत जागा राहिली. तेव्हा भावाला असं सांगू नका की आमच्याकडे पाणी पडलं की काम झालं. आमच्याकडेही तसं कुणी धड शिकवत नाही.

आणि बुडवण्याचं म्हणाल, तर त्याला एक गोष्ट दाखवा. 1662 च्या पुस्तकात बाळाला पाण्यात बुडवायची सूचना पहिली आहे. पालकांनी बाळाला सोसेल असं सांगितलं तर पाळकानं त्याला जपून, सांभाळून पाण्यात बुडवावं, आणि अशक्त असेल तर पाणी ओतलं तरी पुरे. 1549 च्या पहिल्या पुस्तकात तर तीनदा बुडवायचं होतं, आधी उजवी कूस, मग डावी, मग तोंड पाण्याकडे करून. आपल्याकडे सोय म्हणून ओतणं रूढ झालं. तुम्हाला हवं असेल तर पाळकांशी बोला, मोठं घमेलं ठेवूनही होईल. पण पाणी घोटाभर की गळाभर, यावर बाप्तिस्मा ठरत नाही, हे सोलापुरात राहणाऱ्याला तरी सांगायला नको. रोज नळ न येणाऱ्या गावात तांब्याभर पाण्याचं मोल आपल्याला ठाऊक आहे.

तुमच्या दोन्ही प्रश्नांना एकत्र भिडणारी एक गोष्ट मला नेहमी आठवते. पंडिता रमाबाईंचा बाप्तिस्मा 29 सप्टेंबर 1883 रोजी इंग्लंडात वॉन्टेजला, अँग्लिकन मंडळीत झाला. रमाबाई पंचविशीच्या, शास्त्रांत बुडालेल्या, एकेक मुद्द्यावर वाद घालून, स्वतःचा निर्णय स्वतः घेऊन आलेल्या. त्याच दिवशी त्यांच्या मनोरमेचाही बाप्तिस्मा झाला. ती होती अडीच वर्षांची. आई स्वतःच्या तोंडानं कबुली देऊन आली, लेक आईच्या पाठोपाठ आली. दोघींना मिळालेला बाप्तिस्मा एकच. पुढे अँग्लिकन भगिनींशी (संन्यासिनींशी) रमाबाईंचे किती खटके उडाले, पत्रांतून किती वाद झाले ते प्रसिद्धच आहे. त्यांचं मुक्ती मिशन जिथे आहे ते केडगाव आपल्या पुण्याच्या गाडीच्या वाटेवर लागतं. ते स्टेशन गेलं की मला दरवेळी ती अडीच वर्षांची मनोरमा आठवते.

मग तुम्ही काय करावं? सी. एन. आय. ही 29 नोव्हेंबर 1970 रोजी नागपुरात एकत्र आलेली मंडळी. तिच्यात अँग्लिकन आले, तुमच्या माहेरच्या परंपरेचे आले, आणि बाप्टिस्टही आले. म्हणून तिनं पहिल्यापासून दोन्ही पद्धती मान्य केल्या. बाळाचा बाप्तिस्मा आणि मोठेपणी दृढीकरण, म्हणजे ते वचन स्वतःच्या तोंडानं पक्कं करणं, ही एक वाट. आत्ता बाळाचं देवाला अर्पण आणि मोठेपणी स्वतःच्या कबुलीवर बाप्तिस्मा ही दुसरी. सासूबाईंना दुसरी वाट पसंत पडणार नाही, पण ती वाट चर्चबाहेरची नाही. एकदा झालेला बाप्तिस्मा पुन्हा करणं मात्र कोणत्याच वाटेत बसत नाही. 1982 मध्ये पेरूतल्या लिमा इथे निरनिराळ्या मंडळ्यांच्या ईशज्ञानवेत्त्यांनी मिळून जो मसुदा केला त्यातही हेच आहे, बाप्तिस्मा पुन्हा होत नाही, आणि तसा भास होईल असंही काही करू नये.

माझं मत विचाराल तर बाळाचा बाप्तिस्मा करा. पण एका अटीवर, आणि ती अट मी मनापासून घालतेय. तुम्ही दोघं तिला रविवारी चर्चमध्ये नेणार असाल, घरात तिच्यादेखत प्रार्थना करणार असाल, तरच. सासूबाईंच्या समाधानासाठी करणार असाल तर थांबा, अर्पण करा, आणि आधी तुम्ही दोघं नीट उभे राहा.

तुमच्या स्वतःच्या मनात काही नवं जागं झालं असेल, देवाच्या जवळ जावंसं वाटत असेल, तर ते दडपू नका. बाळाच्या बाप्तिस्म्याच्या वेळी तुम्हीही सैतानाला आणि त्याच्या कामांना नकार देणार आहात, प्रेषितांचा विश्वासांगीकार म्हणणार आहात. ते शब्द स्वतःसाठी म्हणा. पाळकांना सांगा की मला माझ्या बाप्तिस्म्याच्या वचनांची उजळणी करायचीय. बहुतेक पाळक आनंदानं तयार होतात. तुमचं दृढीकरण राहिलं असेल तर बिशप येतील तेव्हा घ्या. लहानपणी तुमच्या वतीनं दुसऱ्यांनी दिलेलं वचन स्वतःच्या तोंडानं पुरं करण्याची जागा तीच आहे.

धर्मपिता-धर्ममातांचं. जुन्या पुस्तकात मुलीला दोन धर्ममाता आणि एक धर्मपिता सांगितलेत. त्यांच्यावर टाकलेलं काम वाचलंत तर फोटोतल्या फुगीर फ्रॉकपेक्षा तेच लक्षात राहील : मुलीला विश्वासांगीकार, प्रभूची प्रार्थना आणि दहा आज्ञा तिच्या मातृभाषेत शिकवायच्या. इंग्लंडातल्या लोकांनी हे लॅटिनच्या विरोधात लिहिलं. आपल्याकडे आता उलट झालंय. इंग्रजी शाळेतल्या आपल्या पोरांना 'हे आमच्या स्वर्गातील पित्या' धड पुरं म्हणता येत नाही. तुम्ही शिक्षिका आहात, तुम्हाला मी काय सांगू.

भावाला धर्मपिता करू नका. त्याचा राग म्हणून नव्हे. ज्या संस्कारावर त्याचा विश्वास नाही, त्यात उभं राहून त्यानं वचन द्यावं असं आपण मागणं हा त्याच्या मनावर अन्याय आहे. त्याला तसं मोकळेपणानं सांगा, तो हलका होईल. तो मामा आहे. तिच्यासाठी रोज प्रार्थना करशील का, एवढंच विचारा. याला तो नाही म्हणणार नाही. आणि त्याच्या फेलोशिपच्या शेततळ्यावरच्या बाप्तिस्म्याला तुम्हाला बोलावलं तर जा, काठावर उभ्या राहा, दुसऱ्यांसाठी आनंद करा. फक्त पाण्यात उतरू नका.

अक्कांना धर्ममाता करता येणार नाही. धर्ममातेचा स्वतःचा बाप्तिस्मा झालेला असावा लागतो, कारण जी वाट ती मुलीला दाखवणार ती तिनं चाललेली हवी. हे नियम म्हणून कडू वाटेल, पण अक्कांकडून न मानलेला विश्वास बोलून घेणं हे त्यांचा मान ठेवणं नव्हे. त्यांना तुम्ही स्वतः घरी जाऊन सांगा, सासूबाईंच्या तोंडून कळू देऊ नका.

बाप्तिस्मा रविवारच्या उपासनेत करा, सगळी मंडळी जमलेली असते तेव्हा. हॉलचं नंतर बघा. नाताळची घाई कशाला? जानेवारीत, 6 तारखेच्या प्रकटीकरणाच्या सणानंतरचा रविवार हा प्रभूच्या बाप्तिस्म्याचा रविवार. पुष्कळ चर्चमध्ये तो बाप्तिस्म्यासाठी आवडीचा असतो. गड्ड्याच्या (सिद्धेश्वराच्या यात्रेच्या) सुमाराला तसेही पाहुणे सोलापुरात येतात, आणि ऊनही बाधत नाही. बारशाला ठेवलेलं नाव बदलायची गरज नाही. मराठी नाव आहे म्हणून कुणी नाक मुरडलं तर लक्ष देऊ नका. चर्चच्या रजिस्टरात नोंद स्वतःच्या डोळ्यांनी बघून घ्या, तारीख आणि नावांची अक्षरं तपासा, दाखला मागा. तुमच्या स्वतःच्या बाप्तिस्म्याची नोंदही त्याच फेरीत काढून घ्या. ती ओळ एकदा वाचा. मला वाटतं त्या रात्री झोप येईल.

एक राहिलं. उपासनेच्या आधी बाप्तिस्म्याच्या कुंडात कुणीतरी पाणी आणून ओततं. ते कुठलं असावं याचा काही नियम नाही, साधं, स्वच्छ पाणी हवं. आशीर्वाद त्यावर पाळक नंतर मागतात. पाळकांना विचारा, ती कळशी अक्कांच्या घरून भरून आणली तर चालेल का.